अंगणवाडी हे नाव कुठून आलं?



जून महिना लागला की बचत गटांच्या बैठकीत कर्जाच्या अर्जांचा रंग बदलतो. मे महिन्यापर्यंत बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, कोणाच्या घरचं लग्न. जूनमध्ये मात्र शाळेची फी. यात नवं काही नाही. पण आमच्या मिहानच्या पट्ट्यात, म्हणजे शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या बाजूला, गेल्या काही वर्षांत आम्ही एक वेगळी गोष्ट पाहतो आहोत. फीचं कर्ज आता दहावी-बारावीसाठी कमी आणि तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी जास्त मागितलं जातं. नर्सरी, केजी वन, केजी टू. दप्तर, बूट, टाय आणि व्हॅनचे पैसे वेगळे.

गावात अंगणवाडी असताना हे कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "ताई, तिथं काही लिहायलाच देत नाहीत. पोरगं गाणी म्हणते अन् खिचडी खाऊन घरी येते. मंग पाठवून काय फायदा?"

कोणाचा अर्ज नाकारायचा हे आम्ही ठरवत नाही, ते गट ठरवतो. पण आपण नेमकं काय विकत घेतो आहोत आणि काय सोडून देतो आहोत, हे माहीत असावं. म्हणून आज अंगणवाडीचा इतिहास सांगायचं ठरवलं. हा इतिहास बायांनी घडवलेला आहे आणि त्यातली एक बाई आपल्या विदर्भात संसार करून गेलेली आहे.

आधी जुन्या काळाकडे पाहू. इंग्रजी पद्धतीच्या शाळा यायच्या आधी आपल्याकडे पंतोजींची शाळा असायची. ओसरीवर किंवा देवळात पोरं बसत. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि त्यात बोटानं अक्षर गिरवायचं. त्याला धूळपाटी म्हणत आणि त्या अक्षरांना धुळाक्षरं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. पुढे 'गमभन'. ही चार अक्षरं आधी का, तर त्यांची वळणं एकमेकांच्या जवळची आहेत, एक जमलं की दुसरं जमतं. शिकवायची ही रीत काही वाईट नव्हती. वाईट हे होतं की तिथं छडी होती, नुसती घोकंपट्टी होती, आणि मुली व दलित-आदिवासींची लेकरं तिथं नव्हती. तीन-चार वर्षांच्या मुलांचा तर कोणी विचारच केला नव्हता. ती आजीजवळ असायची, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर, नाहीतर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. मोठ्या बहिणीची शाळा त्या कडेवरच्या भावापायी बुडायची, हे आपल्यापैकी अनेकींना सांगायची गरज नाही.

लहान मुलांसाठी वेगळी जागा हवी, ही कल्पना युरोपात आकाराला आली. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं १८३७ मध्ये अशी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. रोपाला ओढून मोठं करता येत नाही, पाणी घालून वाट पाहावी लागते, हा त्यातला विचार. गंमत म्हणजे १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं या बागांवर बंदी घातली होती. लहान पोरांच्या खेळण्याचीही सरकारला भीती वाटू शकते!

नंतर इटलीत मारिया मॉन्टेसरी आल्या. त्या डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब मजुरांच्या वस्तीत त्यांनी पहिलं 'बालगृह' सुरू केलं. आई-बाप कामावर गेले की मुलं इमारतीत धुडगूस घालत, भिंती खराब करत, म्हणून त्यांना कुठेतरी बसवायचं, एवढाच घरमालकांचा हेतू होता. त्याच पोरांवर मॉन्टेसरींनी दाखवून दिलं की लहान मूल हातानं शिकतं. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल त्यावरून बोट फिरवायचं आणि तोंडानं त्याचा आवाज काढायचा. आपली धूळपाटी आठवली ना? फरक एवढाच की इथं छडी नव्हती आणि घाई नव्हती. आज नर्सरीच्या पाट्यांवर 'मॉन्टेसरी' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. तो मूळचा मजुरांच्या लेकरांसाठी होता, हे त्या पाट्या सांगत नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या सुधारकी वळणाचं. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. त्या काळात बी.ए. झालेली बाई बघायला लोक जमत असतील! लग्न झालं ते अमरावतीच्या मोडक वकिलांशी, आणि त्या अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरात एक लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळं होणं आजही गावात किती जड जातं हे आपण पाहतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं काय सांगावं. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या.

तिथून जवळ भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. तेही आधी वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून ते मॉन्टेसरींच्या पुस्तकापर्यंत पोचले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. १९२३ मध्ये ताराबाई चांगली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गुजरातीत आणि पुढे मराठीतही 'शिक्षणपत्रिका' निघाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

हे सगळं शहरातलं, मध्यमवर्गाच्या मुलांचं काम होतं. मॉन्टेसरीचं साहित्यही महागाचं, लाकडाचे घासून गुळगुळीत केलेले ठोकळे, दट्ट्या, मणी. गांधीजींचं म्हणणं होतं की हे ज्ञान गरिबाच्या झोपडीपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग काय. ताराबाईंना ते पटलं. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या मुंबई सोडून खेड्यात जायला निघाल्या. १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे.

त्या कामात त्यांना जोडीला मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षाच्या आत वैधव्य. माहेरच्यांनी त्यांना शिकू दिलं, हे मोठं. त्या शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यात चांदवडला शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत. नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला गेल्या, त्या कायमच्याच. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक बालविधवा. 'हिचं आता काय व्हायचं' असं लोक ज्यांच्याबद्दल म्हणतात, तशा या दोघी. या दोघींनी मिळून जे काम केलं ते आज देशाच्या गावागावांत पोचलं आहे.

बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली. 'वाडी' हा शब्द बघा. वाडी म्हणजे वस्ती आणि वाडी म्हणजे फुलझाडांची, फळझाडांची जागासुद्धा. फ्रोबेलच्या बागेला याहून चांगला मराठी शब्द सापडला नसता. बालवाडी तयार झाली, पण वारल्यांच्या पाड्यावरची आणि दलित वस्तीतली मुलं येईनात. कशी येणार? त्याच १९४५ साली त्या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर त्यांच्यामध्ये काम करत होत्या. जिथं आई-बापालाच माणूस म्हणून कोणी मोजत नाही, तिथं लेकरू सावकाराच्या आळीतून चालत शाळेत कसं येईल? अंगावर धड कपडा नाही, आई पहाटेच कामाला गेलेली, आणि कडेवर धाकटं भावंड.

मग या बायांनी ठरवलं की मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यायची. पाड्यावर जायचं, एखाद्या घराचं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथंच मुलं गोळा करायची. अंगणात भरते ती अंगणवाडी. हे नाव असं आलं. कोणा मंत्र्यानं किंवा अधिकाऱ्यानं टेबलावर बसून ते काढलेलं नाही.

अंगणात काय चालायचं? पहिलं काम स्वच्छता. तोंड-हात धुणं, केस विंचरणं, नखं कापणं, आंघोळ. हे नुसतं आरोग्यासाठी नव्हतं. ज्या मुलाला गावात कोणी शिवत नाही, त्याच्या डोक्यावरून शिकलेली बाई मायेनं कंगवा फिरवते, याचा अर्थ ते मूल समजतं. त्याची आईही समजते. मग गाणी, गोष्टी, गप्पा, नाच. साहित्य म्हणजे शंख-शिंपले, खडे, पानं, बिया, काड्या. रंगीत खडे वेगळे करा, मोठी पानं एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला. मॉन्टेसरीचे महागडे ठोकळे जे काम करतात तेच काम शिंपल्यांनी होतं. आपल्याकडे समुद्र नाही, पण चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, पऱ्हाटीच्या काड्या आहेत. (एक सूचना करून ठेवतो: तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती बिया देऊ नका, नाकात घालतात.)

पुढे दहा-बारा वर्षांनी हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवून त्याला विकासवाडी म्हटलं. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की मोठी बहीण मोकळी होते आणि शेजारच्या वर्गात बसते. झोळीतल्या बाळाचा आणि कडेवर बाळ घेणाऱ्या बहिणीचा प्रश्न असा एकदम सुटला. जी मुलं गुरं चारायला जातात त्यांच्यासाठी कुरणशाळा काढल्या, म्हणजे गुरं चरतात तिथंच शाळा. ताराबाई १९७३ मध्ये वारल्या, अनुताई १९९२ मध्ये. अनुताईंनी आपल्या अनुभवांवर 'कोसबादच्या टेकडीवरून' हे पुस्तक लिहिलं आहे. गावच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आता त्या "लिहायला देत नाहीत" या तक्रारीकडे येऊ. वाचायला शिकणं म्हणजे अक्षर ओळखणं, असं आपल्याला वाटतं. पण अक्षर हे आवाजाचं चित्र आहे. ज्या मुलाला आवाजच वेगळा ऐकू येत नाही, त्याला चित्र दाखवून काय उपयोग? कपाशी, कढई, कपडा या तिन्ही शब्दांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे हे कानाला कळलं, की मग 'क' हे अक्षर दाखवायचं. ते लगेच बसतं. तसं नाही केलं तर मूल 'क' शंभर वेळा काढतं आणि 'कढई' वाचता येत नाही. यमक जुळणारी गाणी, टाळी वाजवत शब्द तोडणं, क-म-ळ, ब-द-क, हीच वाचनाची पहिली पायरी. मूल गाणं म्हणून घरी आलं म्हणजे त्या दिवशी त्याचा अभ्यास झाला.

हाताचंही तसंच आहे. चार वर्षांच्या मुलाची बोटं आणि मनगट अजून तयार होत असतात. मातीचे गोळे करणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं, रांगोळीचं बोट ओढणं, यानं हाताला वळण लागतं. आपल्या आया सडा-रांगोळी करताना लेकीला शेजारी बसवायच्या, तेव्हा त्या तिला लिहायलाच शिकवत होत्या. आधी आडव्या-उभ्या रेघा, गोल, मग अक्षर. दोन रेघांच्या वहीत पानंच्या पानं भरून घेणारी शाळा कडक असते म्हणून चांगली असेल असं आपण धरून चालतो. आमच्या मते त्या वयात भरलेली वही आईला दाखवण्यासाठी असते, मुलासाठी नसते.

हे कोसबादपुरतं होतं असंही नाही. आपल्या शेजारी, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, त्याच सुमारास असाच प्रयोग चालला होता. गांधीजींची नई तालीम १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेपासूनची, पण ती सुरुवातीला सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत तिचा विस्तार झाला, आणि सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'पूर्व-बुनियादी' हा टप्पा आला. शांताबाई नारूलकर यांनी सेवाग्रामला ते काम केलं. तिथंही मुलांच्या शिक्षणाची सुरुवात आईच्या घरापासून, सफाईपासून आणि सोबत जेवण्यापासून होत होती. नागपूरहून सेवाग्रामला सहल जाते तेव्हा बापूकुटी बघून आपण परत फिरतो. पुढच्या वेळी या कामाबद्दलही तिथं विचारा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशभरात ३३ प्रकल्पांनी झाली. महाराष्ट्रात सुरुवातीच्या प्रकल्पांमध्ये आपल्या मेळघाटातलं धारणी होतं आणि मुंबईची धारावी होती. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या आजारासाठी दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा. योजना मोठी होती आणि गरजेची होती. मेळघाटात लेकरं कुपोषणानं दगावत असताना आधी ताटात अन्न पडणं हेच बरोबर होतं. पण सहा कामांत आहार आणि नोंदी पुढे गेल्या आणि शिक्षण मागे पडलं. वजन घ्या, रजिस्टर भरा, आता मोबाइलवर माहिती भरा, घरपोच आहार वाटा, सर्व्हे करा, निवडणुकीची कामं करा. यातून उरलेल्या वेळात गोष्ट सांगायची. ताराबाई-अनुताईंच्या अंगणात जे पहिलं होतं ते शेवटी गेलं.

आणि सेविकेला पगार नाही, मानधन. ती नोकरदार नाही, सेवाभावी कार्यकर्ती, असं पहिल्यापासून धरलं गेलं. बाईनं लेकरं सांभाळणं म्हणजे काय मोठं काम, हा विचार त्यामागे आहेच. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. त्यासाठी गुजरातच्या सेविकांना कोर्टात जावं लागलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि लहान मुलांना शक्यतो घरच्या भाषेत शिकवावं असंही म्हटलं. म्हणजे अंगणवाडी आता कागदावर तरी शाळेचा पहिला वर्ग आहे.

आमच्या भागात घरची भाषा म्हणजे कोणती, हाच प्रश्न आहे. मिहानमध्ये जमिनी गेल्या तशी वस्ती बदलली. जुनी घरं होती तेव्हा समोर अंगण, बाजूला गोठा, कडुनिंबाची सावली. आता प्लॉटवरच्या घराला दार उघडलं की रस्ता. अंगणवाडी आहे, अंगण नाही. शेजारी बांधकामावर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेले मजूर राहतात. त्यांची लेकरं वाळूच्या ढिगावर खेळतात, घरी छत्तीसगढी बोलतात, दुकानात हिंदी. आपली पोरं वऱ्हाडी-नागपुरी बोलतात. 'काहून' म्हणणाऱ्या पोराला 'का असं म्हण' असं पहिल्याच दिवशी सुनावलं की ते बोलायचंच थांबतं. आधी त्याच्या शब्दात बोलू द्यावं, पुस्तकी शब्द मागून येतात.

मजुरांच्या मुलांसाठी एक गोष्ट माहीत असावी. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था झाली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तर लिहिलेलंच होतं की जिथं साधारणपणे ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतात तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी. आपल्या ओळखीच्या कोणी बायका अशा साइटवर काम करत असतील तर त्यांच्या कानावर घाला. आणि वाळूच्या ढिगावरचं लेकरू गावच्या अंगणवाडीत आलं तर 'हे आपल्या गावचं नाही' म्हणू नका. अंगणवाडी ज्यांच्यासाठी निघाली, ती अशीच लेकरं होती.

गटातल्या बायांना आम्ही सांगतो की फीचा अर्ज करायच्या आधी दोन दिवस अंगणवाडीत जाऊन बसा. मुलं बोलतात की नुसती ऐकतात ते बघा. गोष्टीची पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवली आहेत की कपाटात बंद आहेत? सेविका मुलाला नावानं हाक मारते का? यात कमी असेल तर ग्रामसभेत, पर्यवेक्षिकेकडे बोला. नर्सरीतही जाऊन हेच प्रश्न विचारा. तिथल्या ताई किती शिकलेल्या आहेत, एका वर्गात मुलं किती, हेही विचारा. पैसे आपण देणार आहोत, विचारायला लाजायचं कशाला?

आमच्या एका गटानं थोडं पुढचं पाऊल टाकलं आहे. गटातली एक आजी दर गुरुवारी अंगणवाडीत जाते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण भुलाबाईची गाणी तिला इतकी येतात की संपत नाहीत. मुलं तिच्याबरोबर टाळ्या वाजवत म्हणतात. सेविका त्यातले दोन-तीन शब्द मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावते. परवा आजीनं विचारलं, "यात भुलाबाई कोठं लिहून हाये वो?" पाच वर्षांच्या एका पोरीनं जाऊन त्या शब्दावर बोट ठेवलं. वही तिच्याकडे अजून नाही.

ज्या गटांना असं काही सुरू करायचं असेल त्यांनी आधी सेविकेला विचारून वार ठरवा. लसीकरणाचा आणि आहार वाटपाचा दिवस सोडून घ्या, त्या दिवशी तिला श्वास घ्यायला वेळ नसतो.